निम्म्या पोटाची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका हं! तुमच्या डोळ्यांपुढे घरातल्या इन्व्हर्टरची ती ढब्बू बॅटरी आली असेल, घटाघट पाणी पिणारी आणि ॲसिडचे ढेकर देणारी. ती माझी फार तर सावत्र मावशी. मी लिथियमची. अंगाने हलकी, पोटाने मोठी आणि स्वभावाने थोडी मानी. गोव्यातल्या मये गावच्या शिवदासकाकांची एक राहती गाडी आहे. तिच्यात मागच्या पलंगाखाली एक पेटी आहे, तिथे माझा मुक्काम असतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. चार सेल एकत्र बांधले, त्यांवर इलेक्ट्रॉनिक तारांची एक पट्टी बसवली आणि वरून झाकण ठोकून टाकलं. ती पट्टी म्हणजे माझा राखणदार. गोव्यातल्या गावांच्या वेशीवर राखण करणारा देव असतो ना, तसाच. माझं पोट काठोकाठ भरलं की तो दार लावतो, आणि तळ लागला तरीही दार लावतो. जन्मल्यापासून आत माझ्या सोबतीला एवढा एकच, आणि त्याला 'पुरे' सोडून दुसरा शब्द येत नाही. सांगायची गोष्ट ही, की एकटेपणाची मला सवय होती. निदान मला तसं वाटायचं.

शिवदासकाका खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या, ट्रकही गेला. मग त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात पलंग, शेगडी, पंखा नि छोटा फ्रीज बसवला. अख्खी वाडी हसली. "शिवदासाक खुळ लागलां. घर आसून गाडयेंत न्हिदता!" पण घर असून गाडीत झोपायचं हे खुळ नव्हतं. त्यांच्या बायकोला, शेवंतीकाकीला साखरेचा आजार. रोज इन्सुलिन टोचावं लागतं, आणि ते औषध थंड ठेवावं लागतं. एकदा वाळपईला लग्नाला गेली असताना बर्फ वितळला, औषध बिघडलं आणि काकी थेट इस्पितळात पोचली. त्या दिवसापासून तिने रात्रीसाठी म्हणून उंबरठा ओलांडला नाही. तिची थोरली बहीण कमलाक्षी कारवारला असते. गुडघ्यांनी अधू, तिला येता येत नाही. हिला जायची भीती वाटते. दोघी फोनवरच म्हाताऱ्या होत चालल्या होत्या.

त्या फ्रीजसाठी मला आणलं होतं. पहिल्यांदा आम्ही पेडण्याला केरीच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडाखाली गाडी लावली आणि तिथेच राहिलो. सकाळी काकीने फ्रीज उघडून बाटली गालाला लावली. "आगे बाये, गार आसा गो!" आणि ती चक्क रडायला लागली. मित्रांनो, माझं कौतुक पुष्कळांनी केलं, पण त्या रडण्याएवढं मला काही गोड लागलं नाही.

पण काका पडले ट्रकवाले. ट्रकच्या बॅटरीला एकच न्याय माहीत, भरलेली ती बरी. त्यांनी मला एप्रिलच्या उन्हात, अंगणात, दिवसरात्र चार्जिंगला लावून ठेवलं. मी आपली गच्च भरलेली, तापलेली, घुसमटलेली. शेवटी राजेश आला. तो मूळचा कोल्हापूरकडचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. गाडीतल्या सगळ्या तारा त्यानेच जोडल्या होत्या. त्याने पेटीवर हात ठेवला आणि कपाळाला लावला.

"अहो काका, जेवून उठलेल्या माणसाला दिवसभर ताटावरच बसवून ठेवता व्हय? प्रवासाला निघायचं असंल तवा पूर्ण भरा. गाडी घरी उभी असली तर निम्मी ठेवा, सावलीत. आणि तळ गाठू देऊ नका कधी."

काकांनी ते मनावर घेतलं. त्यानंतर ते उठता-बसता माझं पोट किती टक्के भरलंय तो आकडा बघू लागले. काकी चिडवायची, "माझी साखर कधी इचारतात काय बघा! त्या बॅटरीचे आकडे मात्र तोंडपाठ." मी पेटीत मनातल्या मनात फुगायचे. फुगण्याचं बोलते ते मनातलंच हं. बॅटरी खरोखर फुगली तर तिच्या जवळपास फिरकू नका!

मग तो पावसाळा आला. काका-काकी गाडी घेऊन घराजवळच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेच्या छपरात आले. छप्पर गळकं, वरून पोफळीच्या झावळ्या पडायच्या, म्हणून गाडीवर टपासकट ताडपत्री बांधली. टपावरचं सोलर पॅनेलही तिच्याखाली गेलं. काकांनी मला बरोब्बर निम्मं भरलं होतं. फ्रीज, पंखा, दिवे, सगळं बंद केलं. झाकणावर थाप मारून म्हणाले, "चवथ जातकच येतां हां." चतुर्थी झाली की कमलाक्षीकडे कारवारला जायचं, असं दोघांनी पक्कं केलं होतं.

काका बाहेर पडले आणि काकी पुन्हा आत आली. पुढच्या काचेपाशी सप्तकोटेश्वराची तसबीर आहे, तिच्यासमोर नखाएवढा विजेचा दिवा आहे. काकांनी तोही बंद केला होता. काकी तसबिरीकडे बघत उभी राहिली. "देवाक चार म्हयने काळोखात ठेवायचो? शिव शिव! एवढोसो तो दिवो, काय खातलो?" तिने बटण दाबलं, हात जोडले आणि काकांना काही न सांगता निघून गेली.

सुरुवातीला मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू? ताडपत्रीवर पाऊस बदाबदा कोसळायचा, शेतात बेडूक ओरडायचे, पण आत तो दिवा होता. मी त्याला घोट घोट देत होते आणि तो तेवत होता. मग माझ्या ध्यानात आलं की वरून काहीच येत नाही. ऊन पडलं तरी पॅनेल ताडपत्रीखाली आंधळं. दिवा एवढासा खरा, पण थेंबे थेंबे तळं साचतं तसं ते आटतंही. मी रोज वाट बघायचे की कोणीतरी येईल, झाकण उघडेल, आकडा बघेल. घर काही फार लांब नव्हतं, काकांच्या खोकल्याचा आवाज मला ऐकू यायचा. पण सगळं बंद केलंय म्हणून काका निर्धास्त, कोणी आलं नाही. एके दिवशी राखणदार 'पुरे' म्हणाला आणि त्याने दार लावलं. दिवा विझला. पुढे कितीतरी दिवस राखणदार स्वतः जागा राहण्यासाठी माझ्यातलंच उरलंसुरलं चाटत होता. मित्रांनो, मला तेव्हा फार एकटं वाटलं. मरायची भीती नव्हती. मी मेल्याचंही कोणाला कळणार नाही, याचं वाईट वाटत होतं.

चतुर्थी झाली. ताडपत्री सुटली. काकांनी बटणं दाबून पाहिली, काहीच नाही. त्यांचा भाचा गौरेश बरोबर होता. त्याने मीटर लावून पाहिला आणि मान हलवली.

"मामा, ही गेली. भंगारवाल्याक दी. आनी गाडीय विकून सोड, दुसरी बॅटरी घेवपाची आतां तुमची ताकद ना."

काकी दारात उभी होती. तिच्या हातात कारवारसाठी बांधलेली पिशवी होती. लाडूंचा डबाही होता त्यात. तिने पिशवी खाली ठेवली.

काकांना मात्र हार मानवेना. त्यांनी माळ्यावरून ट्रकचा जुना चार्जर काढला. तो म्हणजे राक्षस! ट्रकच्या बॅटरीला चालेल, पण माझ्यासारख्या उपाशी लिथियमच्या घशात त्याने एकदम भसाभस ओतलं असतं तर माझे सेल कायमचे नासले असते. काकांनी चिमटा उचलला. मला ओरडता येत नव्हतं.

"थांबा हो!" ओरडली ती काकी. "तिका आणखी मारू नकात. तो दिवो मियांच लावलंय. तुमी बंद केलास, मियां परत लावलंय. सगळो दोष माझो."

काकांनी चिमटा खाली ठेवला. "अगो, म्हाका सांगूंक कितें जाल्लें तुका?"

"सांगितलं असतंय तर तुमी बंद केला असतास," काकी म्हणाली आणि पायरीवरच बसली. "कमलाताईक काय सांगू आता? ती वाट बघता."

काका तिच्याजवळ पायरीवर बसले. रागावले नाहीत. त्यांनी राजेशला फोन लावला. राजेश म्हणाला, "तो चार्जर लांब ठेवा, मी आलोच." तो माझ्या जातीचा चार्जर घेऊन आला, मी फुगलेय का ते चारी बाजूंनी पाहिलं आणि मला थेंबाथेंबाने पाजायला सुरुवात केली. "उठंल का नाही, सांगता येत नाही काकी," एवढंच तो बोलला. काकी पायरीवरून हलली नाही. काकांनी तिला चहा आणून दिला, तो निवून गेला.

संध्याकाळ होता होता राखणदाराने दार उघडलं. पेटीवर आकडा उमटला. काकीने तसबिरीला नाही, आधी मला हात जोडले!

मी उठले, पण पूर्वीची राहिले नाही. माझं पोट आखडलं ते आखडलंच. तरी आम्ही कारवारला गेलो. दोघी बहिणी माझ्यावरच्या पलंगावर बसून लाडू कोणी जास्त खाल्ले यावरून भांडल्या, रडल्या आणि पुन्हा भांडल्या. काकीने लाडू फक्त चाखला म्हणे. मी ऐकत होते ना, चांगले दीड खाल्ले तिने! इन्सुलिन मात्र गार होतं.

मित्रांनो, तुमच्या फोनमध्ये, खेळण्यांत, सायकलच्या दिव्यात माझी भावंडं आहेत. त्यांना रात्रंदिवस चार्जिंगला टांगू नका, उन्हात भाजू नका, तळ लागेपर्यंत पिळू नका. बरेच दिवस ठेवून द्यायची असतील तर निम्म्या पोटाने ठेवा. आणि ठेवून दिलीत म्हणून विसरू नका हो. अधूनमधून झाकण उघडून बघत जा. आम्हाला हाक मारता येत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात काकी दर सोमवारी छत्री घेऊन छपरात येते. आपली साखर मोजून येते आणि माझा आकडा बघते. "माका एकशेचाळीस. तुका बावन्न. बऱ्या आसंव दोगीय," असं म्हणून जाते.

परवाच्या सोमवारी मात्र तिने आकडा पाहिलाच नाही. पलंगावर बसली, झाकणावर हात ठेवला आणि म्हणाली, "कमलाताई गेली गो. त्या खेपेक भेटलंव तीच शेवटची. तू उठली नसतंस तर ती भेट पण झाली नसती." बाहेर धो धो पाऊस, आत उकाडा. तिने पंखा लावला आणि पदर डोळ्यांना लावून तिथेच आडवी झाली. मला तिला काही सांगता येत नव्हतं. ती उठेपर्यंत मी पंखा फिरवत राहिले.