काट्यांची ओळ

नवरा-बायकोनं मिळून हॉटेल काढायचं म्हणजे दिवसभर एकमेकांचं तोंड बघत बसायचं, असं मुलुंडच्या चाळीतली शेजारीण विमला म्हणाली होती. डोंबलाचं तोंड! जानकीला सहदेवचं दिसायचं ते फक्त मनगट.

सहदेव गिरणीत होता तेव्हा बहुतेक रातपाळीलाच. तो घरी येऊन आडवा व्हायचा तेव्हा हिची नळावर पाळी, आणि ही आडवी व्हायची तेव्हा तो गिरणीत साच्यावर. ब्याऐंशीचा संप काही मिटेना, तेव्हा त्यानं स्टेशनमागच्या गल्लीत भाड्याचा गाळा घेतला आणि चार टेबलांची खानावळ मांडली. मासे तिच्या हातचे, वाढायचं त्यानं. जानकी हरखली ती धंद्यापायी नव्हे. आता तरी रोज दोघं एकत्र जेवू, एवढीच तिची हाव. पण हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही. असलं काही सांगायचं असतं, हे तिला माहेरी कुणी शिकवलंच नव्हतं.

गाळ्याच्या मधोमध भिंत होती आणि भिंतीला वीतभर खिडकी. पलीकडून हाक यायची, "एक बांगडा!" इकडून भरलं ताट जायचं, उष्टं परत यायचं. दुपारची नाहीतर रात्रीची गर्दी ओसरली की सहदेव बाहेरच्याच टेबलावर जेवायचा. मालक चार लोकांत बसून जेवला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, असं त्याचं म्हणणं.

नवऱ्याआधी घास घ्यायचा नाही, हा जानकीचा लग्नापासूनचा नेम. पण तो जेवला हे भिंतीआडून कळायचं कसं? भांडी तीच घासायची, त्यामुळे ताटांवरून माणसं ओळखू लागली होती. कुणी काट्यांचा ढीग करायचं, कुणी ते भाताखाली दडवायचं. सहदेव मात्र काटे ताटाच्या कडेला एकाला एक लावून मांडायचा. आईनं लहानपणी फटके देऊन लावलेली सवय. ती ओळ खिडकीतून आली की जानकी आपलं वाढून घ्यायची आणि ओट्याखाली बसून जेवायची. दिवसभरात नवऱ्याशी काय ते तेवढंच बोलणं. कधी डोळे भरून यायचे, आणि ती ते कांद्यावर ढकलायची.

खानावळीला वर्ष झालं, त्या दिवशी तिनं तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं. दुपारी ओळ आली. जरा लवकर आली, पण आली. जानकी जेवली. हात धुऊन ताट विसळत होती, तोच मधलं दार ढकलून सहदेव आत आला. केस ओले करून विंचरलेले.

"शटर अर्धा ओढलंय," तो म्हणाला. "चल गो, आज दोगां एकदम जेवया."

जानकीच्या हातातलं ताट हातातच राहिलं. "मी जेवलंय."

"माझ्याआधी?"

"तुमचा ताट इला ना मगाशी. काटे ओळीन लावलेले."

"अगो, ता ताट खोताचा. आमच्या वाडीतलो. माझ्याच आयेच्या हाताखाली वाढलो तो."

नाही जेवले, असं खोटं बोलता आलं असतं. पण ते वेळेवर सुचायला हवं. "बसा ना," ती म्हणाली, "मी वाढतंय. समोर बसतंय तुमच्या."

"रवांदे. एकट्यान तर मी रोजच जेवतंय."

तो गेला. शटर वर गेल्याचा आवाज आला. वर्षभर जानकी समजत होती, या गाळ्यात एकटी आहे ती आपणच.

थोड्या वेळानं हाक आली, "एक बांगडा!" बाहेर कुणी गिऱ्हाईक आल्याची चाहूल नव्हती. तिनं त्यातल्या त्यात मोठा बांगडा निवडून वाढला. ताट परत आलं तेव्हा कडेला काट्यांची ओळ होती. शेपटीकडचा तुकडा संपला होता. डोक्याकडचा, जो त्याला जिवापाड आवडायचा, तो तसाच ठेवलेला.

जानकीचं पोट तुडुंब भरलेलं होतं. तरी तेच ताट पुढ्यात ओढून तिनं तो तुकडा सावकाश खाल्ला, आणि आपले काटे त्याच्या ओळीला जोडून लावले. मग उठून खिडकीशी वाकून पाहिलं. सहदेवची पाठ तेवढी दिसत होती. तो दारातल्या माणसाला सांगत होता, "बसा, गरम आसा."