कोरी ठेवलेली जागा

मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये टेबलावर समुद्राचा नकाशा पसरला होता आणि व्हर्ना नेहमीसारखी आत शिंपल्यांचं सूप ढवळत होती. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या बेटावर सभा पुरुषांची आणि सूप बायकांचं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. व्हर्नाने सगळा संसार नवऱ्याच्या बोटीवर शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायचे पिंजरे ओढत केला. हिवाळ्यात तो गेला. बोट तिची झाली, पण खडकापलीकडची त्याची पिंजरे टाकायची जागा, इथल्या रिवाजाप्रमाणे, दिराची, ऑरिनची. तिथले पिंजरे काढून घे, असं ऑरिनने तिला दोनदा बजावलंही होतं. ते काढले की तिची चूल विझणार, याचा विचार करायला रिवाजाला सवड नसते.

सरकारच्या वतीने आलेली नाओमी प्रत्येकाला विनवत होती, जिथे मासेमारी करता तो भाग नकाशावर रंगवा. पण चांगली जागा परक्याला दाखवायची नाही, हे इथे बाळकडूच. सगळ्यांनी काहीच न मिळणारं भाकड पाणी रंगवलं. ऑरिनने खडकापलीकडचा भाग कोराच ठेवला.

वाट्या मांडताना व्हर्नाने विचारलं, कोऱ्या भागाचं काय होतं?

"तो रिकामा धरतात," नाओमी म्हणाली. "पवनचक्क्यांसाठी आधी तिथेच बघतील."

व्हर्नाने दिराकडे पाहिलं.

"तू गप वाढ," ऑरिन पुटपुटला. "जागा माझी आहे."

"तुझी असती तर वाचवली असतीस."

तिने पळी खाली ठेवली, पेन्सिल उचलली आणि तो भाग रंगवला. जागेपुढे लिहायला नाओमीने नाव विचारलं. व्हर्नाने स्वतःचं सांगितलं.

सकाळी तिच्या निम्म्या पिंजऱ्यांचे दोर कापलेले निघाले. पिंजरे तळाशी आणि त्यांच्या खुणेचे तरंगते बोये लाटांवर मोकाट. बोटीत बसून ती पोटभर रडली. काल तिच्याबरोबर भांडी घासणाऱ्या बायकासुद्धा धक्क्यावर तिला चुकवून गेल्या.

"आली अक्कल?" धक्क्यावर आणखी दोघांबरोबर उभ्या ऑरिनने विचारलं.

"आली," ती म्हणाली. "काल नुसती जागा सांगितली. आता दोर कोण कापतं तेही सरकारला सांगते."

धक्क्यावरच्या तिघांनी माना खाली घातल्या. ऑरिनने सगळ्यांत आधी. व्हर्नाने इंजिन सुरू केलं आणि उरलेले पिंजरे ओढायला ती खडकापलीकडे निघाली.