माझ्यावर तीन शिक्षकांचा पहारा

१९६६ साली आमच्या लोणावळ्याच्या शाळेत शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय असा, की नापास होऊन जिवाचं बरंवाईट करू पाहणारी मुलं वेळीच कशी ओळखावीत. पण हे मुलांच्या कानावर गेलं तर त्यांना नको ते सुचेल, म्हणून हेडसरांनी 'जीव देणं' हा शब्दच बंद केला. सगळे नुसतं 'ते' म्हणायचे. शकुमावशी, आमची शिपाईबाई, चहा घेऊन आत गेली की सगळे गप्प. ती बाहेर आली की पुन्हा 'ते' सुरू. ती काही स्टाफ नव्हती ना!

तिसऱ्या दिवशी सहामाहीचा निकाल. आमच्याकडची रीत अशी, की प्रार्थना झाली की हेडसर नापासांची नावं वाचणार आणि एकेकानं पुढं येऊन उभं राहायचं. प्रशिक्षणात याबद्दल काही आलं नसावं, कारण सर नेहमीच्याच खणखणीत आवाजात वाचत होते.

मी नापास नव्हते, हं! पण माझा पहिला नंबर गेला आणि मी असं भोकाड पसरलं, की घाटातलं इंजिनही लाजलं असतं. झालं! तिघा शिक्षकांनी मला घेरलं. एकानं पाणी आणलं, एका बाईंनी रुमाल दिला. नळावर गेले तरी कुणीतरी मागं. खरं सांगते, अर्ध्या तासानं मला मजाच यायला लागली.

आमच्या वर्गातली बाया मात्र हसत होती. ती वलवणच्या वरच्या वाडीतली, तिथून नववीपर्यंत आलेली पहिलीच मुलगी. गणितात नापास म्हणून पुढं उभी राहिली, तरी हसत. मधल्या सुट्टीत तिनं मागच्या पायरीवर आपली कंपासपेटी माझ्या हातात ठेवली.

"घे तुला. मला आता लागायची न्हाई."

"का गं? शाळा सोडतेस?"

"समदंच सोडते," म्हणाली, आणि पुन्हा हसली.

मी धावत हेडसरांकडे गेले. "सर, बायाचं काहीतरी बिनसलंय!"

"ती तर हसतेय," सर मायेनं म्हणाले. "तू स्वतःला जप. दुसऱ्याचं नाव पुढं करून आपलं दुःख लपवायचं, हेही एक लक्षण आहे."

मी शकुमावशीला गाठून सगळं सांगितलं. तिनं उकळता चहा तसाच खाली उतरवला, पायरीवर बायाला खेटून बसली आणि सरळ विचारलं,

"जीव द्यायचं मनात हाय का गं, बाया?"

बाया हसायची थांबली. म्हणाली, "व्हय." आणि मग जी रडली, जी रडली!

मावशीनं तिला कुशीत घेतलं. "रड. मी हाय हितं. आज तुला एकली सोडत न्हाई."

एवढ्यात चहा शोधत हेडसर आले. मावशीनं त्यांना काय ते सांगितलं.

"हळू!" सर दचकले. "तो शब्द मुलांसमोर..."

"शब्द पोरीपाशीच हुता, सर. म्या निस्ता इचारला. बसा."

सर बसले. खाली, पायरीवर! मग म्हणाले, "नियमाप्रमाणे पालकांना पत्र धाडतो."

"तिच्या बापाला वाचाया येत न्हाई. चला की, जाऊ."

आम्ही चौघं वाडीवर गेलो. बायाचे वडील, नवशाआबा, सगळं ऐकून म्हणाले, "साळंचं काय बी होऊ दे. पोर हाय न्हवं माजी?"

"साळा सोडायची न्हाई मला," बाया म्हणाली. "फकस्त तितं पुढं हुबं ऱ्हायचं न्हाई."

सर खाली बघत म्हणाले, "नाही राहायचं. कुणीच नाही." मग हळूच मावशीकडे वळले. "आता पुढं काय करायचं, शकुबाई?"

"उद्या परत इचारायचं. परवा बी."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि तिथंच ते लिहून घेतलं.