शेटजींचा नळ

उत्तरेतल्या एका शहरात, बनी पार्क नावाच्या भागातल्या बागेत एका शेटजींचा जुना अर्धपुतळा होता आणि त्याच्या चौथऱ्यालाच पाण्याचा नळ होता. दुष्काळात शेटजींनी आपली विहीर सगळ्या जातींना खुली केली, असं दगडावर कोरलेलं होतं. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे अकोल्याहून आलेल्या सुलोचनाबाईंना ते वाचून भरून आलं. त्यांच्या वस्तीत मोठ्या माणसाच्या पुतळ्यापुढे मेणबत्ती लावून, फूल वाहून अभिवादन करतात. शेटजींच्या पुण्यतिथीला त्यांनी तेच केलं.

झालं. दुसऱ्या दिवशी कुणी उदबत्ती लावली, मग नारळ फुटू लागले, मग शेंदूर चढला आणि त्याखाली दगडावरची अक्षरं बुजली. शेवटी एक पुजारी येऊन बसला आणि त्याने पावित्र्यासाठी नळाला कुलूप घातलं.

"अहो, हा देव नाही, माणूस होता," सुलोचनाबाई मोडक्या हिंदीत ज्याला त्याला सांगत सुटल्या. लोक ऐकून घेत आणि पुतळ्याला हात जोडत.

पहिली मेणबत्ती कुणी लावली हे लोकांकडून ऐकलेल्या पुजाऱ्याने मात्र त्यांना ओळखलं. "पहिली भक्त हीच," म्हणत त्याने रांग बाजूला सारली आणि त्याच नळाचं पळीभर पाणी तीर्थ म्हणून त्यांच्या तळहातावर घातलं. ते त्यांना पिताही येईना आणि टाकताही येईना.