पहारेकरी गाठ

सकाळचे ऊन तपासणीच्या खोलीत कधी घाईने येत नसे. आधी ते खिडकीच्या दुधी काचेवर थबके, मग बेसिनच्या कडेवर उतरे आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चोरपावलांनी खुर्चीपर्यंत पोहोचे. आज ते ताईच्या गळ्यावर येऊन थांबले होते. शस्त्रक्रियेचा बारीक व्रण त्यात रेशमाच्या धाग्यासारखा दिसत होता. तिचा डॉक्टर भाऊ त्या व्रणाकडेच पाहत राहिला. व्रणाच्या बाजूला मात्र त्याने नजर जाऊ दिली नाही.

“मुहूर्त बघतोयस का? हात लाव की,” ताई म्हणाली.

थायरॉइडच्या कर्करोगात मानेतली पहारेकरी गाठ, म्हणजे पसरणारा कर्करोग सर्वांत आधी जिथे पोहोचतो ती लसिकाग्रंथी, शोधायची कशी, निळ्या रंगाने की किरणोत्सारी द्रव्याने, याची तुलना हे त्याचे संशोधन होते. ती पहिली गाठ निर्दोष निघाली, की पुढच्या गाठींना हात लावायचा नाही. किरणोत्सारी द्रव्य टोचून घ्यायला ताईला शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीही यावे लागले असते. तिची तेवढी खेप वाचावी म्हणून त्यानेच रंग सुचवला होता. निळी झालेली गाठ निर्दोष निघाली, तेव्हा घरात त्याचे कोण कौतुक झाले होते!

त्याने बोटे टेकवली.

“टाक्यांची जागा आहे. कडक होते कधीकधी.”

“टाके इकडे आहेत, शहाण्या. तुझं बोट तिकडे आहे.”

तिची शस्त्रक्रिया केलेल्या वरिष्ठ सर्जनबाई दारातून आत आल्या.

“काय लागतंय हाताला?”

“विशेष काही नाही, मॅडम. निळी गाठ निर्दोष होती.”

“ते मला माहीत आहे. मी हाताचं विचारतेय.”

त्याने बोट उचलले. कर्करोगाने भरलेल्या गाठीत रंग शिरत नाही. वळसा घालून तो पलीकडच्या निरोगी गाठीला निळे करतो, हे तो स्वतःच विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवत असे.

“मॅडम, याचे कान बघा,” ताई हसली. “खोटं बोलला की लहानपणापासून असेच लाल होतात.” मग तिचे हसू ओसरले. “सांग रे खरं. मी नाही रागावणार.”

रागावली असती तर सोपे गेले असते. त्याने बोट पुन्हा ठेवले आणि या वेळी उचलले नाही.

“गाठ आहे, ताई,” तो म्हणाला. “पहिल्यापासून होती.”