मी वाजत असताना

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मित्रांनो, तुम्ही मला शाळेच्या फाटकाजवळ पाहिलं असेल, चुन्याच्या बादलीशेजारी. त्या बादलीला निदान अधूनमधून कोणी हात तरी लावतं.

गावाबाहेर चर्च आणि दोन खोल्या एवढीच ही मुलांची शाळा होती, तेव्हा मला व्हरांड्यात टांगलं. पुढे वर मजला चढला, लाकडी जिना आला, जिन्याखाली सुतारकामाची खोली झाली. मुलं वाढली तसा दंगाही वाढला. मुख्याध्यापक फादर शिस्तीला कडक. दुपारच्या प्रार्थनेची घंटा वाजू लागली, की असाल तिथे उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि ती थांबेपर्यंत हलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मग हातात चेंडू असो की तोंडात घास. पाहुणे हे पाहून थक्क होत आणि मी उगाच भाव खाई.

एकदा प्रार्थनेच्याच सुमारास सुतारकामाच्या खोलीत लाकूड चिकटवायचा सरस तापवायच्या शेगडीतली ठिणगी भुशात पडली. जिन्याखालून धूर येऊ लागला. शिपाईकाका धावत आले आणि त्यांनी माझी दोरी ओढली.

सगळी शाळा जागच्या जागी उभी राहिली.

वरच्या वर्गात सर्वांत लहान मुलं होती. त्यांचे सरही याच शाळेत शिकलेले. त्यांनीही डोळे मिटले.

एक मुलगा कुजबुजला, "सर, धूर येतोय."

"प्रार्थना चाललीय. गप्प उभा राहा."

कोणीच बाहेर येईना, तशी काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते आणखी जोरात दोरी ओढू लागले. मी जितकी वाजे तितकी मुलं घट्ट उभी राहत. मला थांबायचं होतं हो, पण माझी दोरी माझ्या हातात थोडीच असते? मी फार घाबरले होते.

तेवढ्यात चर्चमधून फादर धावत आले. "काका, दोरी सोडा!"

माझ्या आवाजात काकांना ते ऐकूच गेलं नाही. फादरांनी सरळ माझ्या पोटात हात घातला आणि आतला लोखंडी गोळा मुठीत धरला. त्यांची बोटं चेचली. मी गप्प झाले.

"पळा रे! आग लागलीय!"

जिना पेटण्याआधी शेवटचा मुलगा सरांच्या कडेवर बसून खाली आला. तोच तो, कुजबुजणारा.

दुसऱ्या दिवशी फादर हाताला पट्टी बांधून मुलांसमोर उभे राहिले. "नियम माझा होता. चुकलो मी. आजपासून डोळे उघडे ठेवून प्रार्थना करा. देवाला तीही पोचते."

आता शाळेत विजेची घंटा आहे. तिच्या पोटात कोणाला हात घालता येत नाही. म्हणून मित्रांनो, मला कधीतरी पुसा, आणि एवढं लक्षात ठेवा. ती वाजली की खुशाल उभे राहा, पण शेजारचा मुलगा काही कुजबुजला, तर आधी त्याचं ऐका.