अकरावा रुपया

“हा एकच काय तो नीट राहिलाय. बाकीच्या दहांची वाट लावलीय तुमच्या बाईने,” असं म्हणत तेजसने चांदीचे अकरा रुपये काउंटरच्या काचेवर मांडले.

सगळे राणीछाप रुपये होते, तेजसच्या पणजीचे. तिने मिठागरावर राबून ते साठवले होते. त्यांतला एक नव्या पत्र्यासारखा पांढराशुभ्र होता. उरलेल्या दहांच्या कडा मात्र निळ्या-जांभळ्या पडल्या होत्या, त्यांच्या आत तांबूस छटा आणि मधे राणीच्या गालावर मधासारखा पिवळा रंग. तेजसची आजी विमलबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती नातवाला अडवत नव्हती आणि तेच दुकानाचा मालक अभिराम याला जास्त झोंबत होतं. बोनकोडे गावातल्या निम्म्या घरांचे दागिने विमलबाईच्या शब्दावर याच दुकानात येत. करंजाड्याच्या नव्या घराची वास्तुशांत चार दिवसांवर आली होती. कलशात घालायला रुपये लखलखीत करून द्या, एवढंच तिने सांगितलं होतं.

अभिरामने आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली. पॉलिशची मोटर बंद झाली आणि रखमाबाई बाहेर आल्या.

रखमाबाई धुमाळ म्हणजे या दुकानातल्या चांदीच्या सव्वीस वर्षांच्या सोबतीण. खटाव तालुक्यातून लग्न होऊन कोपरखैरण्यात आल्या, नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात असतानाच या आतल्या खोलीत शिरल्या आणि अभिरामच्या वडिलांच्या हाताखाली पॉलिश शिकल्या. समया, तांब्या-भांडी, बाळाची वाळी, देवाचे टाक, काय म्हणाल ते त्यांच्या हातून उजळून गेलं होतं. उजळल्यावर लोक वस्तूचं कौतुक करत, दुकानाचं करत. आतल्या खोलीत कोण बसतं हे विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. रखमाबाईंची त्याबद्दल तक्रारही नव्हती. त्यांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. सव्वीस वर्षांत ‘ही वस्तू रखमाने बिघडवली’ असं एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून निघालं नव्हतं. आज ते निघालं होतं, आणि तेही भर दुकानात, चार लोकांसमोर.

खरी गोष्ट अशी की त्या रुपयांना रखमाबाईंनी पॉलिश केलंच नव्हतं. सोमवारी पुरचुंडी सोडून पाहताच त्यांनी हात आखडता घेतला, झवेरी बाजारात गेलेल्या अभिरामला फोन लावला आणि यांना पॉलिश नको, गिऱ्हाइकाला आधी विचारा, असं सांगितलं. अभिराम तिकडे मान आणि खांद्यामध्ये फोन धरून कुणाशी तरी भावताव करत होता. तो “हो काकी, हो हो” म्हणाला. त्याच्या त्या ‘हो’ला काही अर्थ नसतो, हे बायकोला ठाऊक होतं, रखमाबाईंना नव्हतं. संध्याकाळी त्यानेच ती पुडी तयार झालेल्या कामांच्या ट्रेमध्ये टाकली आणि आज तेजसच्या हातात दिली.

आता हे सगळं त्याला आठवलं असेल किंवा नसेल. रखमाबाईंनी आठवण करून दिली तर तो म्हणाला की फोनवर नीट ऐकू आलं नव्हतं. तेजसला तर ही सरळसरळ थाप वाटली. पॉलिश केलं नाही तर हा एक रुपया असा पांढरा कसा, असं त्याने विचारलं. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात रुपया पाहत तो लहानाचा मोठा झाला होता, आणि रुपया कायम पांढराच असायचा. पहिला नीट झाला, मग बाईंच्या हातून कसलं तरी केमिकल सांडलं आणि आता त्या अंग झटकतायत, असा त्याने हिशेब मांडला. ऐकणाऱ्याला तो पटण्यासारखाच होता.

अभिराम काउंटरवरून झुकून हळू आवाजात म्हणाला, “काकी, सॉरी बोला आणि विषय संपवा ना. मी त्यांना नवे अकरा देतो. आणि उद्यापासून जुन्या वस्तू तुम्ही नका घेऊ, संघर्षला देत जाऊ.”

संघर्ष म्हणजे मागच्या वर्षी लागलेला दुसरा कारागीर. चांगला होता, पण मोटर लावली की त्याला कुठे थांबावं ते कळत नसे. जुन्या वस्तू त्याच्याकडे गेल्या तर घासून सपाट होणार, हे रखमाबाईंना दिसत होतं. सॉरी म्हणणं काही अवघड नव्हतं. पण म्हटलं असतं तर ती चूक कायमची त्यांच्या नावावर चिकटली असती, आणि ती चूक त्यांची नव्हतीच.

“माफी मागंन मी,” त्या म्हणाल्या. “पर आदी धा मिंटं द्या मला. मग तुमी म्हनाल तसं.”

त्यांनी आतून गंधकाच्या पाण्याची वाटी आणली. नवी चांदी जुनी दिसावी म्हणून कॉलेजच्या मुलींसाठी काळपट झुमके बनवतात, त्यासाठी हे पाणी दुकानात असायचंच, आणि ते झुमके रखमाबाईच काळे करायच्या. चांदीला खोटं म्हातारपण कसं आणायचं हे त्यांच्याइतकं कोपरखैरण्यात कुणाला माहीत नव्हतं. शोकेसमधली लक्ष्मी-गणपतीची दोन कोरी नाणी त्यांनी उचलली. अभिराम “अहो” म्हणेपर्यंत ती एकावर एक अर्धवट सरकवून चिमट्यात धरली आणि वाटीत बुडवली. दहा आकडे मोजायच्या आत नाणी काळीकुट्ट झाली. त्यांनी ती सुटी करून तेजससमोर ठेवली. पाणी फटीत शिरलं होतं, त्यामुळे जिथे एक नाणं दुसऱ्याखाली झाकलेलं होतं तिथेही काळं पडलं होतं. मग त्यांनी नाणं दिव्याखाली तिरपं केलं. तव्यावर चमक शोधावी तशी गत होती.

नंतर त्यांनी विमलबाईचा एक रंगीत रुपया दोन बोटांत कडेने धरला आणि तसाच हळूहळू फिरवला. निळ्या-तांबड्या रंगाच्या खालून उजेडाची एक रेघ राणीच्या चेहऱ्याभोवती गोल फिरत गेली, जशी टांकसाळीतून आला त्या दिवशी फिरली असेल. रंग वर होता, पण खालची चांदी तशीच जिवंत होती.

“ह्यो डाग न्हाई, दादा. हवेनं आलेला रंग हाय. साठ-सत्तर वर्सं लागत्यात असा याया. माज्या वाटीतनं न्हाई येत.”

तेजसचा चेहरा अजून तसाच होता. रखमाबाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. एव्हाना बाकीची गिऱ्हाइकं आपापली खरेदी विसरून काचेशी जमली होती. रखमाबाईंनी सगळ्यांना दाखवलं की नऊ रुपयांवर कडेला एकेक पांढरी फाक आहे, कुठे जाड, कुठे बारीक, आणि त्या फाकेवर रंगाचा लवलेश नाही. दहाव्यावर फाक नव्हती. तो पूर्ण रंगलेला होता आणि त्याच्यावर बारीक उभ्या-आडव्या रेघा होत्या. त्यांनी एक रुपया खाली ठेवला, त्याच्या फाकेवर दुसरा सरकवला, बसला नाही म्हणून काढला, तिसरा लावला. तो असा बसला की पांढरं नाहीसं झालं. मग त्याच्यावर पुढचा. अभिरामही मान पुढे काढून पाहत होता. शेवटी रेघांचा रुपया सगळ्यांच्या वर आला, आणि काचेवर दहा रुपयांची एक तिरपी ओळ तयार झाली. त्या ओळीत कुठेही पांढरं दिसत नव्हतं, नुसता रंग होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. हवा लागली तिथेच रंग आला होता, झाकलेल्या जागी नाही; सांडलेलं पाणी असतं तर तिथेही शिरलं असतं.

रखमाबाईंनी पुरचुंडीचा जुना खणाचा तुकडा वरच्या रुपयाशेजारी पसरला. त्याची वीण आणि रुपयावरच्या रेघा, दोन्ही एकच होत्या.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. विमलबाई उठून काचेपाशी आली आणि ती ओळ पाहतच राहिली.

“माजे सासूने असेच बांदले होते,” ती म्हणाली. “एकावर एक. मरताना माज्या हातान दिले, त्या दिसापासून मी कवाच सोरले नाय.”

सोडले नव्हते, तर मग दिवाळीला पूजेत कुठला रुपया असायचा? तेजसने अकरावा रुपया उचलला. तो वेगळ्या डबीत, देव्हाऱ्यातच असायचा, हे आता कुठे त्याच्या लक्षात आलं. रखमाबाईंनी डोळ्याला लावायचं भिंग त्याच्या हातात दिलं आणि काय दिसतंय ते सांगायला सांगितलं. त्याला दिसलं की त्या पांढऱ्याशुभ्र रुपयावर केसासारखे हजारो ओरखडे आहेत. राणीचा कान गेलाय, केसांच्या बटा गुळगुळीत झाल्यात, आणि फिरवला तर उजेड फिरत नाही, जागच्या जागी बसून राहतो. दुकानातला एकमेव बिघडलेला रुपया, आणि तोच त्याने चांगला म्हणून पुढे केला होता.

“तो मीच घासते,” विमलबाई म्हणाली. “दर दिवालीला, रांगोलीने. लक्समी लखलखीत पायजे ना. त्या बाईचा काय चुकला नाय, तेजस. माजा चुकला.”

चाळीस दिवाळ्या तिने मायेनेच रुपया घासला होता, सासूची आठवण म्हणून. रखमाबाईंनी तिला लगेच थांबवलं. घासला म्हणून काय झालं, पूजेच्या रुपयाची पूजा तर झालीच की, असं त्या म्हणाल्या. तेजसने खाली मान घालून माफी मागितली, आणि ती अशी मागितली की रखमाबाईंनाच अवघडल्यासारखं झालं. अभिरामने काळी पडलेली दोन नाणी मुकाट्याने ड्रॉवरमध्ये टाकली. गर्दी पांगल्यावर तो आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, फोनवर तुम्ही सांगितलं होतंत म्हणाला, आणि जुनी वस्तू तुम्ही पाहिल्याशिवाय आता कुणाकडे जाणार नाही असंही म्हणाला. रखमाबाई “बरं” म्हणाल्या आणि त्यांनी मोटर सुरू केली. मोटरच्या आवाजात त्या रडल्या की हसल्या हे संघर्षला काही केल्या कळलं नाही.

वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला विमलबाई स्वतः रखमाबाईंच्या चाळीवजा बिल्डिंगचे तीन जिने चढून आली. करंजाड्याच्या सातव्या मजल्यावर त्या दिवशी सगळं बोनकोडे लोटलं होतं. विमलबाईने रखमाबाईंना मागे बसू दिलं नाही. होमाजवळच्या पाटावर, स्वतःच्या सुनेच्या, भाविकाच्या शेजारी बसवलं.

गुरुजींनी त्या दहांतलं एक तांबडं-निळं नाणं ताम्हनात घेतलं, नाक मुरडलं, आणि पंचामृत ओतून वर चिंच मागितली.

“गुर्जी, थांबा,” विमलबाई साठ माणसांदेखत म्हणाली. “चिंच नाय लावायची, घासायचा पन नाय. आदी रखमाबाईंना विचारा.”

गुरुजींनी चमकून पाहिलं. रखमाबाई संकोचल्या, पण सांगायचं ते त्यांनी सांगितलं. साध्या पाण्याने धुवा, आणि पुसू नका, टिपा. गुरुजींनी नाणं पाण्यात धरलं, उपरण्याचं टोक घेतलं आणि न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाचं तोंड टिपावं तसं ते जपून टिपलं. मग मंत्र मधेच थांबवून त्यांनी नाणं रखमाबाईंपुढे धरलं.

रखमाबाईंनी ते कडेने धरून उजेडाकडे एकदा फिरवलं, आणि मान हलवली. गुरुजींनी पुढचा मंत्र सुरू केला.